इंजिनाचा दाब व पंपावरचें पेट्रोल

गेल्या पावसाळ्यांत पालकांची सभा आटोपल्यावर मंचरकडचे एक शेतकरी गृहस्थ आमच्यासाठीं थांबून राहिले. मुलाच्या गुणांविषयीं कांहीं विचारावयाचें असेल, असें आम्हांस वाटलें. पण त्यांचा प्रश्न निराळाच निघाला. "सर, पोरगं म्हणतंय, गाडीत साधं पेट्रोल नका टाकू, म्हागाचं टाका, त्यानं इंजिनाला ताकद येती. खरंय का?" मुलगा शेजारींच मान खालीं घालून उभा होता. प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें आम्हांस जमलें नाहीं. आणि जें दिलें त्यानें त्या पितापुत्रांपैकीं कोणाचेंच समाधान झालें नाहीं, हें त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलें. म्हणून तेंच उत्तर येथें सविस्तर लिहीत आहों. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत ज्याच्या अंगणांत मोटारसायकल उभी नाहीं, असें घर आज विरळाच. तेव्हां हा विषय केवळ विज्ञानाच्या तासाचा नव्हे, घरखर्चाचाही आहे.

पेट्रोलचें इंजिन चार पायऱ्यांनीं काम करतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. जर्मनींतील निकोलाउस ऑटो यानें या पद्धतीचें इंजिन १८७६ सालीं चालवून दाखविलें. पिस्टन खालीं उतरतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें ओढलें जातें. पिस्टन वर चढतांना तें दाबलें जातें. मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें व पिस्टनला खालीं लोटतें. चवथ्या खेपेस जळलेला वायु बाहेर टाकला जातो. यांतील दुसरी पायरी, म्हणजे दाबण्याची, ही आपल्या विषयाचें मूळ होय.

पिस्टन अगदीं तळाशीं असतांना त्याच्या डोक्यावर जेवढी पोकळी असते, तिला पिस्टन माथ्याशीं पोंचल्यावर उरणाऱ्या पोकळीनें भागावें. जो आंकडा येईल त्यास कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. आपण त्यास दाबाचें प्रमाण म्हणूं. आपल्या रस्त्यांवर शंभर सी. सी. च्या म्हणून ज्या गाड्या शेंकड्यांनीं दिसतात, त्यांतील एका परिचित इंजिनाचें सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद असून पिस्टनची धांव ४९.५ मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र ज्यास येतें त्यानें हा गुणाकार करून पाहावा, उत्तर ९७.२ घन सेंटिमीटर येईल. (शंभर म्हणून जें विकलें जातें तें पुरतें शंभर नव्हे, हेंही त्यास त्याच वेळीं कळेल.) आतां माथ्यावरची पोकळी १२.१५ घन सेंटिमीटर धरली, तर एकूण १०९.३५ भागिले १२.१५, म्हणजे बरोबर ९. नऊ खोल्यांतील माणसें एका खोलींत कोंडावीं, तसें तें मिश्रण कोंडलें जातें.

इतकें कोंडावयाचें कशासाठीं? कारण दाबून पेटविलेला वायु पुढें अधिक पटींनीं पसरतो, व तेवढ्याच पेट्रोलपासून अधिक काम देतो. ऑटोच्या आदर्श इंजिनाचें गणित मांडलें, तर प्रमाण ४ असतां उष्णतेपैकीं शेंकडा ४३ भागांचें काम होतें, ९ असतां ५८.५ भागांचें व १०.५ असतां ६१ भागांचें. प्रत्यक्ष इंजिनाच्या पदरांत याच्या निम्म्याच्या आसपासच पडतें. बाकीची उष्णता धुरावाटे व सिलिंडरच्या पंखांवाटे निघून जाते. तरी ओघ कोणीकडे आहे तें या आंकड्यांवरून दिसतें. हेन्री फोर्डच्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडींत हें प्रमाण ४ च्या जवळपास होतें. हल्लींच्या साध्या मोटारसायकलींत तें ९ ते १० असतें, आणि आपल्या शेजारीं चाकणला तयार होणाऱ्या कांहीं दणकट गाड्यांत १२ च्याही वर गेलें आहे. मग तें १५ किंवा २० कां करूं नये? येथेंच अडचण येते.

सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, हें प्रत्येकानें अनुभविलें आहे. हवा दाबली कीं तापते. ती पुरेशी दाबली तर इतकी तापते, कीं ठिणगीवांचूनच इंधन पेट घेतें. डिझेलचें इंजिन याच गुणावर चालतें. त्यांत हवा १८ पटींच्या आसपास दाबतात, तिचें तपमान ६०० अंशांच्या वर जातें, व तींत डिझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. प्लगची गरजच नाहीं. खडकी येथें १९४६ सालीं निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीचीं इंजिनें विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांच्या विहिरीवर धडधडलीं असतील. तीं याच जातीचीं. (ठिणगी नसण्याचा एक अनपेक्षित फायदा असा, कीं प्लगच्या ठिणगीपासून निघणाऱ्या रेडिओलहरी या इंजिनांतून निघत नाहींत. अमेरिकेंत ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेलचीं वाहनें वापरतात. आपल्या खोडदच्या तीस तबकड्यांकडे सहलीला जाल तेव्हां ही गोष्ट आठवावी.)

पण डिझेलच्या इंजिनांत जो गुण, तोच पेट्रोलच्या इंजिनांत घातक दोष. ऊंस तुटल्यावर कांहीं शेतकरी शेतांतील पाचट पेटवून देतात. पाचट जाळूं नये, कुजवावें, असें जाणते लोक सांगतात तें योग्यच आहे. पण दृष्टांतापुरतें घेऊं. एका बांधाशीं आग लावली कीं ती सरीमागून सरी पुढें सरकत जाते. सिलिंडरमधील मिश्रण नीट जळतें तेव्हां तें असेंच जळतें : ठिणगीपाशीं ज्वाळा उठते व सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोंचते. पिस्टनला एक लांब, सारखा रेटा मिळतो. आतां असें समजा कीं, आग अर्ध्या शेतांत आली असतां पलीकडच्या बांधाकडचें पाचट नुसत्या झळीनेंच इतकें तापलें, कीं ज्वाळा पोंचण्यापूर्वींच तें सगळें एकाच क्षणीं भडकलें. सिलिंडरच्या कोपऱ्यांतील शेवटच्या मिश्रणाचें असेंच होतें. एक तर पिस्टननें तें दाबलेलें, त्यांत पुढें येणारी ज्वाळा त्यास आणखी दाबते. मर्यादेपलीकडे तापलें कीं तें एकदम स्फोट पावतें. रेट्याच्या जागीं ठोसा बसतो. बाहेरून असा आवाज येतो, कीं आंत कोणी लहानशा हातोडीनें टकटक करीत असावें. यासच नॉकिंग म्हणतात.

हा आवाज बहुधा चढावर ऐकूं येतो. मागें माणूस बसलेलें, गीअर वरचा, इंजिन मंद फिरत असलेलें, आणि अशा वेळीं मूठ पूर्ण पिळली, कीं टकटक सुरू होते. क्षणभर झाली तर फारसें बिघडत नाहीं. सतत होऊं दिली तर ठोशांच्या लहरी पिस्टनच्या डोक्यावरील वायूचा पातळ, थंडसर थर पुसून टाकतात व सारी उष्णता धातूंत शिरते. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांवर वितळतें.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडांत हॅरी रिकार्डो या शोधकानें दाखवून दिलें कीं, एकाच इंजिनांत एका जातीचें पेट्रोल टाकलें तर टकटक होते व दुसऱ्या जातीचें टाकलें तर होत नाहीं. तेव्हां इंधनाचाही कांहीं स्वभाव आहे. हा स्वभाव मोजावा कसा? १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रॅहॅम एडगर यांनीं एक सोपी युक्ति काढली. हेप्टेन नांवाचें द्रव्य फार लवकर टकटक करतें. त्यास ० गुण दिले. आयसो-ऑक्टेन नांवाचें द्रव्य पुष्कळ दाब सोसतें. त्यास १०० गुण दिले. हेप्टेनचा रेणु म्हणजे सात कार्बन-अणूंची सरळ सांखळी; ती तापतांच पटकन् मोडते व पेट घेते, जशी तुरीची काटकी. आयसो-ऑक्टेनमध्यें आठ कार्बन-अणु असून ते फांद्या फुटल्यासारखे एकमेकांशीं दाटीनें जोडलेले असतात. तो रेणु बाभळीच्या गांठाळ बुंध्यासारखा उशीरां पेटतो. या दोहोंचीं निरनिराळीं मिश्रणें करावीं, व परीक्षेंतील पेट्रोल ज्या मिश्रणाशीं जुळेल त्यांतील आयसो-ऑक्टेनचा शेंकडा तोच त्या पेट्रोलचा ऑक्टेन-आंकडा समजावा. पंपावर ९१ लिहिलें असेल तर त्यांत ९१ भाग ऑक्टेन असतो असें मुळींच नाहीं. ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांचें मिश्रण जितकें सोसतें तितकें हें पेट्रोल सोसतें, एवढाच अर्थ. या परीक्षेसाठीं एका सिलिंडरचें एक खास इंजिन असतें, व तें चालू असतांनाच त्याचें डोकें वरखालीं करून दाबाचें प्रमाण बदलतां येतें. परीक्षा दोन प्रकारची आहे : सौम्य परीक्षा मिनिटास ६०० फेऱ्यांची व कडक परीक्षा ९०० फेऱ्यांची. आपल्याकडे सौम्य परीक्षेचा आंकडा सांगतात. अमेरिकेंतील पंपांवर दोहोंची सरासरी लिहितात. म्हणून ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, त्यांनीं तेथील ८७ व येथील ९१ यांची तुलना करून येथील पेट्रोलास उगाच मोठें समजूं नये. तीं दोन्हीं जवळ जवळ सारखींच आहेत.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. ऑक्टेन ही पेट्रोलची ताकद नव्हे, सोशिकता होय. किलोमागें उष्णता पाहिली तर शून्य गुणांचें हेप्टेन शंभर गुणांच्या आयसो-ऑक्टेनहून रेसभरही कमी भरत नाहीं. ९ प्रमाणाच्या इंजिनास जेवढी सोशिकता लागते तेवढी ९१ च्या पेट्रोलांत आहे. त्या इंजिनांत ९५ किंवा १०० चें पेट्रोल टाकणें म्हणजे दोन पोतीं ओझें असतां चार बैलांची गाडी जुंपणें होय. इंडियन ऑइल कंपनीनें १०० ऑक्टेनचें पेट्रोल १ डिसेंबर २०२० पासून पुणें-मुंबईसह दहा शहरांत विकावयास काढलें. तें ज्या उंची गाड्यांसाठीं आहे त्यांस शोभतें. महाग पेट्रोलांत कधीं इंजिन स्वच्छ ठेवणारीं द्रव्यें घातलेलीं असतात, त्यांचा थोडा उपयोग होतो, हें कबूल केलें पाहिजे. पण तो उपयोग ताकदीचा नव्हे. उलट, ज्या गाडीच्या पुस्तकांत ९५ लिहिलें आहे तींत ९५ टाकणें ही चैन नसून गरज आहे. निर्णय गाडीच्या पुस्तकानें करावा, मित्रानें नव्हे.

एकट्या दाबाच्या प्रमाणावरूनही सर्व ठरत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. १२ प्रमाणाचें इंजिन साध्या पेट्रोलवर चालूं शकतें, तें पाण्यानें थंड ठेवल्यामुळें, पोकळीचा आकार व ठिणगीची वेळ बारकाईनें ठरविल्यामुळें. कित्येक नव्या मोटारगाड्यांत टकटक ऐकणारें एक यंत्रच बसविलेलें असतें. तें ठिणगी क्षणभर उशीरां पाडून संकट टाळतें. शिवाय उंचीचाही संबंध आहे. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच असल्यामुळें येथील हवेचा दाब मुंबईच्या दाबाच्या शेंकडा ९२ च्या आसपास भरतो. सिलिंडरमध्यें मुळांतच हवा कमी शिरते, म्हणून टकटकही कमी होते. कार्बोरेटरची जी जुनी गाडी जुन्नरच्या पेठेंत निमूट चालते, तीच माळशेज घाट उतरून मुरबाडच्या उष्ण व जड हवेंत गेल्यावर कुरकुरूं लागली, तर मेस्त्रीस दोष देऊं नये.

या विषयांत आम्हांस शहाणपण आलें तें पुस्तकांतून नव्हे. कॉलेजांत असतां आमच्याजवळ एक जुनी शंभर सी. सी. ची गाडी होती. सिलिंडरचें हेड खरवडून घेतलें कीं पोकळी लहान होते, दाब वाढतो व गाडी पळते, असें एका मित्रानें सांगितलें. तें खोटें नव्हतें. आम्हीं एका गॅरेजांत हेड एक मिलिमीटर उतरवून घेतलें. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठें, असें वाटलें. वर दिलेल्या आंकड्यांवरून विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा : ५० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावरून एक मिलिमीटर काढला तर १.९६ घन सेंटिमीटर पोकळी नाहींशी होते, १२.१५ च्या जागीं १०.१९ उरते, आणि प्रमाण ९ वरून १०.५ वर जातें. त्या दिवसांत साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८७-८८ च्या घरांत होता. वाढलेल्या प्रमाणाचा लाभ आदर्श गणितानेंही ५८.५ चे ६१ एवढाच, आणि त्यासाठीं आम्हीं पेट्रोलची सारी मर्यादा ओलांडली होती. मार्चच्या उन्हांत, मागें एका मित्रास घेऊन, घोडेगांवाहून डिंभ्यावरून भीमाशंकरच्या चढाला लागलों. इंजिन टकटक करूं लागलें. तो त्याचा उत्साह आहे असें आम्ही समजलों. शेवटच्या वळणांपैकीं एका वळणावर आवाज थांबला, आणि गाडीही थांबली. उघडून पाहिलें तेव्हां पिस्टनच्या डोक्यास बोराएवढें भोंक पडलें होतें. नवा पिस्टन, बोअरिंग व टेंपोचें भाडें यांत शिष्यवृत्तीचे तीन महिने गेले. वडिलांस आम्हीं 'ऑइल संपलें होतें' असें सांगितलें. खरें सांगावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तो पिस्टन आतां आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे. ज्यांस हेड खरवडण्याची इच्छा होईल त्यांनीं आधीं येऊन त्या भोंकांत बोट घालून पाहावें. (अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं गीअरची गाडी चालवूं नये, हें निराळें सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतों.)

टकटक बंद करण्यासाठीं माणसानें जें औषध शोधलें, त्याची कथा मात्र या भोंकापेक्षां फार गंभीर आहे. अमेरिकेंत डेटन येथें टॉमस मिजली या शास्त्रज्ञानें अनेक द्रव्यें तपासलीं, व ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचा एक संयुग पदार्थ त्याच्या हातीं आला. लिटरमागें ग्रॅमचा अंश पुरे, टकटक थांबे. १९२३ पासून तें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. शिसें विष आहे, हें त्या काळीं अज्ञात होतें असें नाहीं. खुद्द मिजली यास शिशाची बाधा होऊन विश्रांति घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सी येथील कारखान्यांत त्या द्रव्यावर काम करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले व कित्येक आजारी पडले. तरी तें सुरूच राहिलें. पृथ्वीचें वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांनीं १९६५ सालीं जगापुढें मांडलें कीं, माणसाच्या शरीरांत व हवेंत शिसें नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट वाढलें आहे. लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो, हें पुढें सिद्ध झालें. भारतांत बिनशिशाचें पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत मिळूं लागलें व १ फेब्रुवारी २००० पासून तें सर्व देशांत झालें. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें २०२१ सालीं शिशाचें पेट्रोल बंद केलें. म्हणजे या अंकाचे वाचक जे पालक, त्यांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं एस. टी. स्टँडवर उभें राहून ज्या मोटारसायकलींचा व जीपगाड्यांचा धूर हुंगला, त्यांत तें शिसें होतें. आम्हीही हुंगला आहे.

यांतील दुःखाची गोष्ट ही, कीं दुसरें औषध त्याच वेळीं ठाऊक होतें. अल्कोहोलानें टकटक थांबते, हें मिजली व त्याचे वरिष्ठ यांनीं स्वतः पाहिलें होतें. पण अल्कोहोल कोणाच्याही शेतमालापासून होण्यासारखें. शिशाच्या औषधावर एका कंपनीची मालकी चालणार होती. तें मागें पडलेलें औषध शंभर वर्षांनीं आपल्या टाकींत आलें आहे. जुन्नरचा ऊंस विघ्नहर कारखान्यास व आंबेगांवचा भीमाशंकर कारखान्यास जातो, हें सर्वांस माहीत आहे. ऊंसाच्या रसापासून व मळीपासून, आणि अलीकडे मका व तांदूळ यांपासून, इथेनॉल काढतात. २०२३ च्या फेब्रुवारींत शेंकडा २० भाग इथेनॉल असलेलें ई-२० पेट्रोल पंपावर आलें व २०२५ पर्यंत तें देशभर झालें. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. शिवाय तें वाफ होतांना पुष्कळ उष्णता शोषून मिश्रण थंड करतें. म्हणून ई-२० साठीं ठरविलेल्या भारतीय मानकांत ऑक्टेन किमान ९५ धरला आहे. ज्या ९५ साठीं पूर्वीं जादा पैसे मोजावे लागत, ती सोशिकता या साध्या पेट्रोलांतच आली. त्या मंचरच्या मुलास हें कळलें तेव्हां तो प्रथमच हंसला.

मात्र देवाणघेवाण फुकट नसते. लिटरमागें इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश भरते. दाबाचें प्रमाण वाढवून बांधलेलें नवें इंजिन जादा ऑक्टेनचा उपयोग करून ही तूट कांहीं अंशीं भरून काढतें. ९ प्रमाणाच्या जुन्या इंजिनास तो ऑक्टेन निरुपयोगी, आणि तूट मात्र पुरी सोसावी लागते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत ही घट जुन्या पद्धतीच्या दुचाकींत शेंकडा ३ ते ४ व चारचाकींत ६ ते ७ सांगितली आहे. शिवाय जुन्या गाड्यांतील रबराच्या नळ्या व वायसर इथेनॉलास सरावलेले नसतात. नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दृष्टांत विद्यार्थ्यांनीं उपासनेंत ऐकला आहे; आमच्या द्राक्षांच्या तालुक्यांत तो पेट्रोलासही लागू पडावा, हें नवल. वीस वर्षांची गाडी असेल तर नळ्या एकदां तपासून बदलाव्या. खर्च थोडा आहे.

इथेनॉलास पाण्याची फार ओढ. आंबेगांवच्या पश्चिमेस पावसाळ्यांत गाडी पडवींत महिनाभर उभी राहिली व टाकींत पाणी उतरलें, तर इथेनॉल पेट्रोलास सोडून पाण्याबरोबर तळाशीं जाऊन बसतें. वर उरतें तें इथेनॉलाविना कमी ऑक्टेनचें पेट्रोल, आणि इंजिनाकडे आधीं जातें तें तळचें पाणी. हें प्रयोगानें पाहतां येतें. पण शिक्षक समोर असतां, मोकळ्या हवेंत व ज्योतीपासून दूरच करावें. मोजपात्रांत ९० मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यांत १० मिलिलिटर रंगीत पाणी घालावें, हलवावें व स्थिर ठेवावें. तळाचा थर १० न राहतां २५ ते २८ पर्यंत चढतो. वाढलेला भाग तो इथेनॉलचा. आम्हीं हें केलें तेव्हां मागील बाकांवरचीं मुलें आपण होऊन पुढें आलीं.

शेवटीं भेसळीविषयीं. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या पुष्कळ खालीं असतो. पेट्रोलांत रॉकेल मिसळलें कीं गाडीचें प्रमाण तेंच राहून सोशिकता घटते, व टकटक अशा गाडींत सुरू होते कीं जिच्या मालकानें कांहींच अपराध केलेला नसतो. रेशनचें स्वस्त रॉकेल व महाग पेट्रोल-डिझेल यांतील फरकावर पूर्वीं कित्येकांचा काळा धंदा चाले. नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ पानेवाडी येथें अशीच चोरी चालल्याचा संशय येऊन मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तपासास थांबले असतां, २५ जानेवारी २०११ रोजीं भर दिवसां त्यांस जिवंत जाळण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं प्रजासत्ताकदिन होता. आमच्या शाळेंत आम्हीं ध्वजवंदनानंतर त्यांचें नांव घेतलें.

पंपावर ग्राहकानें फिल्टर पेपर मागितला तर तो द्यावा लागतो. नळीच्या तोंडाचा थेंब त्यावर टाकावा. चांगलें पेट्रोल दोन मिनिटांत उडून जाऊन डाग राहत नाहीं, रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. त्या दिवसाची घनताही तेथें लिहिलेली असते. १५ अंश तपमानास ती ७२० ते ७७५ च्या दरम्यान असावी, व टँकरबरोबर आलेल्या कागदांतील आंकड्यापासून तीन एककांहून अधिक ढळूं नये.

दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा गाडीचें पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. वडिलांनीं तें पेटींत कागदपत्रांखालीं जपून ठेवलें होतें. उघडलेलें मात्र दिसत नव्हतें. दोघांनीं मिळून पान काढलें : दाबाचें प्रमाण ९.९, इंधन ९१ किंवा अधिक. त्यानें दोन्ही आंकडे वहींत लिहून घेतले, आणि जातांना प्रयोगशाळेंतील दोन फिल्टर पेपर मागितले. एक पंपावर, म्हणाला, आणि एक बाबांना दाखवायला.